समुद्रतळाचा नकाशा

नकाशांच्या प्रती काढायला वापरतात त्या अमोनियाचा वास आला की सदर भागातली ती नकाशांची कचेरी आठवते. समुद्रातल्या तेलाच्या पाइपलाइनचे नकाशे तिथे ट्रेसिंगला यायचे. उन्हाळ्यात ट्रेसिंगच्या कापडावर घाम टपकू नये म्हणून आम्ही मनगटाला रुमाल बांधायचो. एकदा मोठ्या ड्राफ्ट्समनने समुद्रतळाचा चढउतार दाखवणाऱ्या रेषा देखण्या दिसाव्यात म्हणून गोलाई देऊन ओढल्या. त्यात एक खडकाळ उंचवटा नाहीसा झाला आणि साहेबांनी पाइपचा मार्ग नेमका त्यावरूनच आखला. पाण्याच्या खोलीचे मूळ आकडे पाहून मी त्या ड्राफ्ट्समनला म्हणालो, “भाऊ, इथं खडक आहे. पाइप दोन्हीकडून अधांतरी राहीन, तुटन.” ते हसले. “समुद्र पाह्यला काय गा कधी?” “नाही. आकडे पाह्यले.” “मंग सही कर मुकाट्यानं, टपाल निघून राहिलं.” नकाशाच्या कोपऱ्यात ट्रेसरची, म्हणजे माझी, सही लागायची. मी पेन ठेवलं, नोकरी सोडली आणि ताठ मानेनं जिना उतरलो. शेजारच्या टेबलावरच्यानं सही केली असणार. तो पाइप तुटला का, हे मला कधीच कळलं नाही. शाई खरवडायचं ब्लेड तेव्हा माझ्या हाताशीच होतं. ती रेघ सुधारायला अर्धा तास पुरला असता. पण मी फक्त माझं नाव वाचवलं.