कॅमेरा बंद असलेले दामले

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगते, हसायला वाचतेय. रागावू नका, पण माझा यातल्या एकाही गोष्टीवर विश्वास नव्हता. मी ऑडिटमध्ये आहे. कुणी काहीही सांगितलं की "याला पुरावा काय?" हे विचारणं माझं कामच आहे. आणि आता मीच लिहायला बसलेय, तर माझ्याकडे पुरावा आहे तो अर्धामुर्धा... सगळी चिडचिड त्याचीच आहे.

आम्ही रोडपालीला राहतो, कळंबोलीत. तिसरा मजला. आई, बाबा आणि मी. सीए फायनलला दोनदा आपटल्यावर गेल्या वर्षी मला एका ऑडिट फर्ममध्ये नोकरी लागली. फर्म पुण्याची, मॅनेजर राधिका मॅडम बंगळुरूला, बाकीचे कुठेकुठे, आणि मी आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याची बरणी बाजूला सारून. तीन महिने प्रोबेशन. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "प्राची, हे जमलं तर ठीक. नाहीतर आता पुरे. मामाच्या रंगाच्या दुकानात काउंटरला बस." मामा चांगला आहे हो, पण मला ते नको होतं. मला हेच काम हवं होतं, अगदी मनापासून.

पण शिकवणार कोण? ऑफिस असतं तर शेजारच्या टेबलवाल्याला विचारलं असतं, त्याने तोंड वाकडं करून का होईना, सांगितलं असतं. इथे मेसेज टाकायचा. दोन तासांनी त्यावर अंगठा यायचा. अंगठा! अहो, मी प्रश्न विचारलाय, अंगठ्याचं काय करू? फारच पिच्छा पुरवला तर एक लिंक यायची, आणि ती माझ्या लॅपटॉपवर उघडायची नाही.

अशात दामले सर भेटले. भेटले म्हणजे काय, ऐकू आले.

रोज सकाळी साडेनऊला मीटिंग असायची. दहा-बारा जण, निम्म्यांचे कॅमेरे बंद. त्यातच एक गोल, खाली नुसतं "दामले". फोटो नाही. पहिल्याच आठवड्यात मीटिंग संपली, सगळे गेले, मी बाहेर पडायचं बटण शोधत होते, तर आवाज आला, "प्राची, थांब जरा. कालच्या फाइलमध्ये तू बिलांच्या तारखा बघितल्यास. माल गेटमधून आत आल्याची नोंद बघितलीस का?"

नव्हती बघितली. साठीच्या आसपासचा आवाज, अगदी सावकाश बोलणारा. मग ते रोजचंच झालं. सगळे गेले की पाच-दहा मिनिटं ते समजावून सांगायचे. मी वैतागायचे, "सर, हे आधीच कुणी का नाही सांगत!" ते मी शांत होईपर्यंत थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. कुणीतरी सिनिअर असणार असं मी धरून चालले. प्रोबेशनवरच्या पोरीने "सर, तुम्ही कोण?" असं विचारायचं कसं, तुम्हीच सांगा.

एकदा आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये फरशी फोडायचं काम निघालं. ऐन मीटिंगमध्ये ड्रिल सुरू! मी पटकन म्यूट केलं. तरी मीटिंगमध्ये सगळ्यांना ड्रिल ऐकू येतच होतं. बघते तर, ज्याचा आवाज येतो त्याच्याभोवती येते ती हिरवी कड दामल्यांच्या गोलाभोवती उमटलेली. राधिका मॅडम कातावून म्हणाल्या, "दामले, प्लीज म्यूट करा ना, डोकं उठलं!" त्याच क्षणी वरचं ड्रिल थांबलं, आणि मीटिंगमधलंही थांबलं.

मला तर आनंदच झाला. सर आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात! संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना गाठलं. ते म्हणाले, "आपल्या दोन्ही विंगमध्ये एकही दामले नाही. भाडेकरूही नाही. का, स्थळबिळ आहे का?"

तिसऱ्या महिन्यात उलव्याच्या बाजूच्या एका टाइल्सच्या गोडाऊनचं काम माझ्याकडे आलं. कागदावर लिहिलेला माल तिथे खरंच आहे का, हे बघायचं. बघायचं म्हणजे व्हिडिओ कॉलवर. तिथला स्टोअरकीपर मोबाइल घेऊन फिरला, खोक्यांच्या एकोणीस थप्प्या त्याने दाखवल्या, मी मोजल्या आणि लिहून टाकलं, "माल पाहिला, बरोबर आहे." माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी मीटिंगनंतर दामले सर म्हणाले, "तू पाहिलास माल?"

"हो सर. व्हिडिओवर."

"तो त्याने दाखवला. तू कुठे पाहिलास?"

"सर, आता सगळीकडे असंच चालतं."

"मागच्या रांगेतली तिसरी थप्पी. शिडी माग आणि वरून बघ. आजच जा."

माझं डोकं फिरलं. एक तर साइटवर जायचं तर सिनिअरने सांगावं लागतं आणि फाइलमध्ये "कोणाच्या सूचनेनुसार" हा रकाना भरावा लागतो. त्यात ते ऊन, ते डंपर, ती धूळ. पण सिनिअरच सांगतोय म्हटल्यावर करणार काय? काढली स्कूटी. रस्ताभर दामल्यांना शिव्या घालत गेले, अगदी नाव घेऊन.

स्टोअरकीपर जागेवर नव्हता. तिथले वॉचमनकाका शिडी द्यायला तयार होईनात. "शेटनी सांगितलाय, वर कोनाला चढू द्यायचा नाय."

मी म्हटलं, "काका, नाही चढले तर माझी नोकरी जाईल."

त्यांनी माझ्या धुळीने माखलेल्या तोंडाकडे बघितलं. "घ्या शिडी. पन तुमी पडलात तर आमाला नाय बोलायचा."

चढले. वरून खाली बघितलं. चारी बाजूंनी खोक्यांची भिंत आणि आत मोकळी जमीन. मधोमध कुणीतरी टाकलेला चहाचा कागदी कप.

खालून काका विचारतायत, "काय दिसला?"

"काही नाही, काका."

"मंग उतरा की!"

एकोणीसपैकी अकरा थप्प्या तशाच पोकळ निघाल्या. माझी पहिली नोंद तशीच पुढे गेली असती तर माझं काय झालं असतं, याच विचारात परत आले.

राधिका मॅडम खूश झाल्या. पण फाइल वाचताना थबकल्या. "श्री. दामले यांच्या सूचनेनुसार... हे दामले कोण?"

मला वाटलं, गंमत करतायत. त्यांना वाटत होतं, दामले क्लायंटकडचे. एचआरला वाटत होतं, मॅडमच्या दुसऱ्या टीममधले. टीममधल्या प्रत्येकाला ते दुसऱ्याच कुणाचे तरी वाटत होते! तीन महिने एक माणूस रोज मीटिंगला बसतो आणि कुणी विचारत नाही... धन्य आहे. आयटीवाल्यांनी शोधलं, त्या नावाचं खातंच नाही. मग रेकॉर्डिंग काढली. त्यात मी एकटीच बोलतेय. "हो सर." बराच वेळ शांतता. "नाही सर, पण..." पुन्हा शांतता.

मॅडम माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती मी विसरणार नाही. मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट. ड्रिलच्या दिवसाचं लावा."

लावलं. त्यात ड्रिल नव्हतं. पण मॅडमचा आवाज होता, स्वच्छ. "दामले, प्लीज म्यूट करा ना, डोकं उठलं!"

मॅडमनी कॅमेरा बंद केला. मग म्हणाल्या, "प्राची, ती ओळ काढ. 'स्वतःच्या विचाराने गेले' असं लिही. उद्या तुझं कन्फर्मेशन पाठवते."

एका ओळीचा तर प्रश्न होता. आणि बाबा बाहेरच्या खोलीत पेपर उलटासुलटा करत बसलेले. पण मी स्वतःच्या विचाराने गेले नव्हते हो! माझ्या विचाराने मी त्या दिवशी जिनासुद्धा उतरले नसते. ज्या एका माणसाने मला शिकवलं, त्याचंच श्रेय मी घ्यायचं? माझा हात उठेना. शेवटी लिहिलं, "मीटिंगमध्ये 'दामले' या नावाने हजर असलेल्या व्यक्तीच्या सूचनेनुसार. सदर व्यक्तीची ओळख पटवता आलेली नाही." आणि पाठवून दिलं. म्हटलं, जाऊ दे, रंगाचं दुकान तर रंगाचं दुकान.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "राहू दे तसंच. मी पण ऐकलंय ते ड्रिल." दुसऱ्या दिवशी कन्फर्मेशन आलं.

दामले परत कधी दिसले नाहीत. आयटीवाले म्हणतात, सिस्टीमचा घोळ. सिस्टीमला मागच्या रांगेतली तिसरी थप्पी कशी माहीत? कुणाला कळलं तर सांगा, पण कृपा करून लिंक पाठवू नका.

मीटिंग संपली की मी अजून पाच मिनिटं थांबते. परवा कुणीही नसताना माइक चालू करून म्हणालेसुद्धा, "सर, मी पर्मनंट झाले."

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अगं, कितीदा सांगशील!"