चिरुताचा हत्ती, चात्तुकुट्टीची टेबलं

चात्तुकुट्टीला विड्या वळाव्या लागत नसत आणि याचा त्याला कोण अभिमान! कण्णूरकडच्या त्या कारखान्यात चाळीस माणसं मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि हा मधोमध स्टुलावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळत. संध्याकाळी प्रत्येक जण आपल्यातल्या थोड्या त्याच्या सुपात टाकी. एकोणीस वर्षं हा शिरस्ता. आवाज खणखणीत, चेहरा कायम गंभीर. व्हिएतनाम असो की तांदळाचा भाव, चात्तुकुट्टीच्या तोंडून आलं की ते खरं.

ओणमच्या सुट्टीनंतर एक दिवस वर्तमानपत्र येत नाही. त्या दिवशी कारखाना मुका. कोपऱ्यात पानं कातरणाऱ्या चिरुताने केळ्याचे वेफर्स आणले होते, एका पिवळ्या पडलेल्या पेपरच्या पुडीत. वेफर्स वाटून झाल्यावर तिने पुडीवरचा मथळा अक्षर अक्षर लावत वाचला, "हत्ती विहिरीत पडला. बाहेर काढण्याचे प्रयत्न सुरू."

"बारा वर्षांपूर्वीचं आहे ते, चिरुतेच्ची," अनंतन म्हणाला. कामगारांचा पुढारी तो. चिरुताला सगळे 'एच्ची', म्हणजे ताई म्हणत आणि चात्तुकुट्टीला 'एट्टा', म्हणजे दादा.

"मग प्रयत्न अजून सुरूच असतील! समिती नेमली ना. एक पक्ष म्हणतो दोराने ओढा, दुसरा म्हणतो विहीर बुजवा, हत्ती आपोआप वर येईल. शेवटी हत्तीलाच अध्यक्ष केलं."

"हत्तीला? का म्हणून?"

"सगळ्या बैठकांना हजर असलेला तो एकटाच!"

कारखाना खदाखदा हसला. अनंतनच्या सुपातली तंबाखू उडाली. चात्तुकुट्टी तेवढा हसला नाही. त्याला वाटलं, एका दिवसाची मजा आहे, होऊ दे.

पण झालं भलतंच. लोक वाण्याकडच्या पुड्या जपून आणायला लागले. 'पूल सहा महिन्यांत पूर्ण होणार', असा एक मथळा निघाला. चिरुता म्हणाली, "त्या भरवशावर नावाड्याने होडी विकली. नवरा त्या काठावर, नवरी या काठावर. लग्न ओरडून लागलं, भांडणंही ओरडूनच होतात. जिल्ह्यात एवढा सुखाचा संसार दुसरा नाही." चात्तुकुट्टी अग्रलेख वाचत असायचा आणि लोकांचे डोळे कोपऱ्याकडे. "आटपा की, चात्तुएट्टा, चिरुतेच्चीला पुडी उघडायचीय!" असं त्याच्या तोंडावर म्हणायचे मेले! आणि एका संध्याकाळी त्याने पाहिलं, लोक चिरुताच्या सुपातही विड्या टाकत होते. तिने मागितल्या नव्हत्या. त्यामुळे तर त्याचा अधिकच तिळपापड झाला. पानं कातरायची मजुरी आहेच, वर हे! घरी भात गिळेना. धड चार ओळी सलग वाचता न येणाऱ्या बाईने आपलं स्टूल हलवावं? तेही वेफर्सच्या पुडीवर?

आपल्यालाही जमेल, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ताज्या पेपरात मथळा होता, 'सरकारी कचेऱ्यांना नवी टेबले'. त्याने तो वाचला आणि घसा साफ करून पुढचं मनातून जोडलं, "टेबलांचा खर्च भागवण्यासाठी कामाच्या जागी वर्तमानपत्र ऐकणाऱ्यांना पहिल्या तारखेपासून परवाना लागेल. एका कानाचा वेगळा, दोन कानांचा वेगळा."

तो हशाची वाट बघत थांबला. मग चाळीस सुपं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आमच्या कानांवर परवाना?" अनंतन उठला. "झेंडा काढा रे!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दोन महिन्यांत पहिल्यांदा सगळे डोळे त्याच्याकडे होते, चिरुताचेसुद्धा. त्याला ते सोडवेना. हातात पेपर घेऊन मोर्च्यात तो सगळ्यात पुढे चालला आणि गावच्या कचेरीपर्यंत त्याला वाटत राहिलं, बघ, चिरुते, बघ!

अधिकारी दारात आले. "कुठला परवाना? दाखवा पाहू कुठे छापलंय."

"वाचा, चात्तुएट्टा!" अनंतन गरजला.

छापलेलं तर काहीच नव्हतं. आणि चात्तुकुट्टीने काय करावं? पेपर चिरुताच्या हातात कोंबला. "हिला वाचू द्या. सगळ्यांना हिचंच आवडतं." बुडालोच तर हिच्या हातात पेपर असताना बुडू, एवढंच त्याच्या मनात होतं.

चिरुताने मथळा अक्षर अक्षर लावत वाचला. मग पेपरवरची नजर न हलवता परवान्याचं सगळं, दोन कानांसकट, त्याचा शब्दन् शब्द धडाधड म्हटलं आणि पुढे जोडलं, "परंतु कामगारांनी मोर्चा नेताच येथील अधिकाऱ्यांनी परवाना लागणार नसल्याचे आश्वासन दिले."

"हो, हो, नाही लागणार," गांगरलेले अधिकारी म्हणाले. पुढचं घोषणांत बुडालं. जिंकून परतताना लोक चिरुताचा जयजयकार करत होते. त्याने रचलेल्या थापेचं श्रेयसुद्धा तिलाच! चात्तुकुट्टी मागे रेंगाळला, तोंड कडू करून.

चिरुताही मागे राहिली. "चात्तुएट्टा, मला मोठी अक्षरंच लागतात. बारीक शिकलेच नाही, म्हणून तर पुढचं मनाचं सांगते. कचेरीत तुमचंच आठवून म्हटलं." तिने पेपर पुढे केला. "पण तुम्ही पेपर माझ्या हातात दिलात तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी. यात खरं काय छापलंय?"

"टेबलं," तो म्हणाला. "नुसती टेबलं."

"वाचा."

तिथेच रस्त्यात उभं राहून त्याने ती बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सागवानी टेबलं, खण दोन, ठेका कुणाला. एक शब्दही पदरचा घातला नाही. इतकं नीट त्याने कधीच वाचलं नव्हतं.

चिरुताने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्याकडे बघत विचारलं, "खरंच?"

एकोणीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.