गिराण आपल्या अंगणातून दिसते का?

नाहीच ना कोणाच्या ध्यानात?

कोणता खेळाडू कितीवर आऊट झाला ते पाठ. अन् आज सुमनबाईले जाऊन वर्ष झालं, ते पाठ नाही. बदाम नका खाऊ, वाया जाऊन राह्यले.

सुमनबाई म्हणजे माही इहीण. माह्या सुनेची माय, नांदुऱ्याची.

बोलून मी राह्यली, मोबाईलच्या ग्रुपवर लिहून राह्यली सून, कविता. तिचीच माय ती, म्हणून मधातच डोळे पुसते. जरा दम धरा.

कविताले पहिल्यांदा दिवस गेले होते. टीव्हीवर सकाळपासून एकच धोशा, सूर्याले गिराण लागणार.

म्या तिले आतल्या खोलीत बसवलं. विळीले हात नाही, सुईले हात नाही, तोंडात पाण्याचा थेंब नाही.

दुपारी दारात सुमनबाई. आमच्या साखरखेर्ड्याले दोन एसट्या बदलून आल्या, हातात डबा.

"इहीणबाई, भर गिराणात कुठं निघाल्या?"

"कुठं आहे गिराण?"

"टीव्हीत सांगून राह्यले ना!"

"टीव्हीत त दिल्लीचा पाऊसही होता. म्या काय छत्री घेऊन आली का?"

मग हळूच म्हणे, "जे गिराण आपल्या अंगणातून दिसत नाही, ते आपण पाळत नाही. ही रीत तुमचीच ना?"

रीत त खरीच. माही सासूही तेच सांगे.

बाईनं सरळ माह्या स्वयंपाकघरातून बुंदीचा झारा घेतला अन् अंगणात उन्हात धरला.

"वर पाहू नका, डोळे जातीन. खाली पाहा."

जमिनीवर उजेडाच्या टिकल्या. साऱ्या गोल, कुंकवावानी.

"गिराण असतं त या टिकल्या चंद्रकोरीवानी दिसल्या असत्या. लहानपणी निंबाखाली पाह्यलं म्या. हे गिराण दुसऱ्या मुलखाचं आहे. तिथल्या सुनाईले राहू द्या उपाशी."

अन् डबा उघडला. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर.

कविता अशी जेवली, की पोटातल्या पिंकीनं लाथ मारली. पिंकी तेव्हापासूनच खादाड.

कविता दुसऱ्यांदा राह्यली तेव्हा पुन्हा गिराण आलं. या खेपेले आपल्याकडं दिसणारं.

म्या म्हटलं, आता सापडल्या सुमनबाई!

बाई डबा घेऊन हजर. झारा म्याच हातात दिला.

दुपार कलली होती. झारा धरला, अन् अंगणभर कोरीच कोरी. पिंकीच्या फ्रॉकवर कोरी, तिच्या तळहातावर कोरी. पोरगी मुठीत पकडायले पाहे.

"दिसते ना? मग पाळा आता!"

"दिसते ना! काय सुंदर दिसते, इहीणबाई! पण पाहायले उपाशी कशाले राहावं लागते?"

तवा मले समजलं. पहिल्या खेपेले बाईनं माह्याच रीतीत मले धरलं होतं.

मीही जेवली. मीठ जास्त होतं. त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, आजही सांगते.

त्या म्हणत, "चंद्राचं गिराण भोळं. जिथं रात्र अन् वर चंद्र, तिथं साऱ्याईले दिसते. सूर्याचं मिजासखोर. पूर्ण पाहाचं त एका पट्ट्यातच, आजूबाजूच्याईले अर्धमुर्धं, बाकी दुनियेले काहीच नाही."

म्हणून पह्यले इचारायचं, आपल्या अंगणातून दिसते का?

कोणाची सून पळाली, असं सांगितलं तरी बाई हेच इचारे.

पोरीच्या मायनं तिच्या सासरी तोंड उघडू नये म्हणतात. सुमनबाईनं दोनदा उघडलं. माह्या दारात, माह्यासमोर. मले राग नाही येऊ दिला, अन् पोरीले उपाशी नाही राहू दिलं. असं धाडस माह्या मायनं केलं असतं त... जाऊ द्या.

आता पिंकीले दिवस आहेत. पुण्यात राहते. काल तिच्या सासूचा फोन आला, येत्या गिराणाले पोरीले दिवसभर काही देणार नाही.

कवितानं "बरं" म्हणून फोन ठेवला.

मोबाईलवर आम्ही पाह्यलं. ते गिराण युरोपाकडचं आहे. पुण्यातून दिसत नाही.

अन् दिसलं असतं तरी काय?

सुमनबाई, तुमची पोरगी पुण्याले जाऊन राह्यली. तोंड उघडायले. तुम्ही जिथं असान तिथून तिच्या पाठीशी राहा. तुमच्यावानी इहीण मले पुन्हा भेटाची नाही.

कविता, रडणं पुरे, लिहिणंही पुरे. डबा भर. भरीत, कळण्याची भाकर, अन् पिंकीच्या सासूसाठी दोन भाकरी जास्त. झारा वर ठेवजो.

मीठ बेतानं.