कंपनी बुडवायला निघालेला दुरुस्तीवाला

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तो एका गृहस्थांचा अपमान करत होता, आणि तोही मान वर न करता. माझा बंद पडलेला रेडिओ पिशवीत घालून मी त्यांच्या मागे उभी होते.

"दोनच महिने झाले हो घेऊन," गृहस्थ म्हणत होते.

त्याने त्यांचं गेमचं यंत्र उघडलं आणि चिमट्याने आतून केसांचा एक गुंता बाहेर काढून काउंटरवर ठेवला. "घरात मांजर आहे?"

"आहे."

"मग मांजराला वेगळं यंत्र घेऊन द्या."

काम झालं की तो प्रत्येक यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवायचा. तिच्यावर बिघाड लिहिलेला असायचा आणि खाली एक ओळ असायची, 'दोष : मालक', नाहीतर 'दोष : कंपनी'. म्हणून सगळी गल्ली त्याला पंचनामा म्हणायची. माझ्या रेडिओवर त्याने 'दोष : वय' असं लिहिलं. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. ती चिठ्ठी मी रेडिओपुरतीच घेतली.

हात मात्र असा की पाहत बसावं. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू तो बोटाच्या टोकावर उचलायचा आणि डोळे मिटून जागेवर बसवायचा. चष्म्यांचं दुकान आणि जिना यांच्यामधल्या गाळ्यात तो चौदा वर्षं भाड्याने होता. पुढे काउंटर, मागे टेबल, आणि भिंतीवर उघडी पडलेली यंत्रं. गाळ्याचा म्हातारा मालक लेकीकडे राहायला निघाला होता आणि जागा विकणार होता. पहिला हक्क पंचनाम्याचा, पण मार्चअखेरपर्यंतच. त्याची बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. दोघांनी मिळून तीन चतुर्थांश रक्कम जमवली होती. उरलेली जमवायला आठ महिने होते, आणि तेवढ्यात ते सहज जमलं असतं.

त्याच सुमाराला एका मोठ्या कंपनीचं नवं गेमचं यंत्र बाजारात आलं. महिन्याभरात त्यातलं पहिलं बिघडलेलं यंत्र त्याच्या टेबलावर आलं, मग दुसरं, मग सातवं. प्रत्येकात एकच रड. आतला पंखा स्वस्तातला. तो झिजायचा, घरघरायचा, मग यंत्र तापून बंद पडायचं. विसावं यंत्र उघडल्यावर याने आयुष्यातला सगळ्यात मोठा पंचनामा केला. ही कंपनी बुडणार.

एवढ्यावर थांबला असता तर बिघडलं नसतं. पण त्याला कुणीतरी सांगितलं की शेअर पडूनही पैसे मिळतात. आपल्याकडे नसलेला शेअर दलालाकडून उसना घ्यायचा, आज विकून टाकायचा, आणि पडला की स्वस्तात घेऊन परत करायचा. मधला फरक आपला. शेअर चढला तर काय, हे मी विचारलं. तो हसला. वर्गात पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा मागच्या बाकाकडे पाहून हसतो तसा.

"बाई, चढेल कशाला? मी पंखा पाहिलाय."

जगभरात लाखो यंत्रं विकणारी कंपनी, तिचे कारखाने, तिचे हिशेबनीस, आणि समोर हा, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात पंखा. पण त्याच्या डोक्यात लढत बरोबरीची होती.

एक दिवस तो माझ्याकडे अकरा पानं घेऊन आला. 'कंपनी का बुडणार' असं शीर्षक. "दलालाला द्यायचंय. भाषा जरा तपासून द्या." आठ पानं पंख्यावर होती, दोन कंपनीच्या गर्वावर, आणि शेवटचं पान गिऱ्हाइकांच्या अकलेवर. हे यंत्र लोक का घेतात याबद्दल एक वाक्य नव्हतं. मी विरामचिन्हं दुरुस्त केली आणि म्हटलं, "लिहिलंयस स्वच्छ." त्याने ते संमतीसारखं खिशात घातलं. मला तेव्हाच दोन शब्द जास्त बोलायला हवे होते.

"बायकोला सांगितलंस?"

"सांगणार आहे. नफा झाला की."

गाळ्याचे सगळे पैसे त्याने उसन्या शेअरसाठी तारण म्हणून दलालाकडे ठेवले.

बायकोला कळलं ते बँकेच्या संदेशावरून. ती लॅबमधून थेट दुकानात आली. मी तिथेच होते, आणि उठून जायचं सुचलं नाही.

"अहो, आपले पैसे कुठे आहेत?"

"चांगल्या जागी आहेत. हे बघ, एकतीस यंत्रं आली. एकतीसच्या एकतीस खराब."

ती शांतपणे स्टुलावर बसली. "माझ्याकडे रोज साठ माणसं हात पुढे करतात. कुणाची साखर वाढलेली, कुणाचं रक्त कमी. म्हणून मी घरी येऊन म्हणते का, की सगळं शहर मरायला टेकलंय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"जी चालतात ती यंत्रं तुमच्याकडे कशाला येतील?"

इतकं सरळ उत्तर मी चौतीस वर्षांत फळ्यावर लिहिलं नव्हतं. त्याने नवा स्क्रू शोधायला मान खाली घातली. बेचाळिशीतला माणूस, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "तुला यंत्रातलं कळत नाही," एवढंच पुटपुटला. हरलेल्या माणसाकडे हे वाक्य नेहमी तयार असतं.

सुट्ट्यांच्या आधी कंपनीने यंत्राची दुसरी खेप आणली. मोठ्या दुकानाबाहेर कोण येतंय ते पाहू, असं म्हणत तो मला सोबत घेऊन गेला. त्याला रिकामा फुटपाथ साक्षीदारासकट पाहायचा होता. आम्ही वळण घेतलं तर रांग दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंत आणि तिथून बसथांब्यापर्यंत.

"एवढे मूर्ख एका जागी मी पहिल्यांदा पाहतोय," तो म्हणाला.

रांगेतल्या एका जाड्या माणसाने हात हलवला. ते मांजरवाले गृहस्थ होते. "काय पंचनामेसाहेब, तुम्हीही?"

"मी नाही. मी तुम्हाला मागे म्हटलं होतं ना, या यंत्राचा पंखा भिकार आहे?"

"म्हटलं होतंत की."

"मग?"

"अहो, पंख्याशी कोण खेळतोय? खेळ काय सुंदर आहेत त्याच्यावर. आणि बिघडलं तर तुम्ही आहातच."

पुढचे दोघे-तिघे मागे वळून हसले. एकाने त्याचा पत्ताही विचारला. पंचनाम्याने तो सांगितला, चष्म्यांच्या दुकानाच्या खुणेसकट.

परत येताना मी म्हटलं, "आजच शेअर घेऊन परत कर आणि सुटका करून घे. थोडं जाईल, बाकीचं वाचेल. गाळा तरी येईल." त्या दिवशी ते खरंच शक्य होतं. शेअर थोडासाच वर होता.

"बाई, ही सुट्टीची गर्दी आहे. जानेवारीत पंखे घरघरायला लागतील, मग बघा."

एखाद्याचं बरोबर असणं किती महाग पडतं ते मग पाहिलं. जानेवारीत पंखे घरघरले, अगदी त्याने सांगितलं होतं तसे. कंपनीने एक गोड पत्रक काढलं, पंखा फुकट बदलून देऊ म्हणाली, आणि त्याच पानावर खाली विक्रीचा आकडा छापला. लोकांनी आकडा वाचला. शेअर एका दिवसात उडाला. दलालाचा फोन आला, आणखी पैसे भरा. आणखी नव्हते. संध्याकाळच्या आत दलालाने चढ्या भावाने शेअर घेऊन सौदा मिटवून टाकला. गाळ्याच्या पैशांचे तीनातले दोन वाटे गेले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पंख्याबद्दल मी बरोबर होतो."

"होतास."

"कंपनीनेच कबूल केलं."

"केलं."

शंभरपैकी शंभर मिळवून नापास कसा झालो, हे बाईंनी सांगावं असं त्याला वाटत असावं. मला त्याची कीवही आली आणि रागही आला, आणि खरं सांगायचं तर राग जास्त होता. त्याच्या अकरा पानांत त्याची बायको कुठेच नव्हती, जिने रोज साठ हातांत सुई टोचून त्या गाळ्याची निम्मी किंमत उभी केली होती.

मुदत संपली. गाळा शेजारच्या चष्मेवाल्याने घेतला आणि मधली भिंत पाडली. पंचनाम्याला त्याने घालवलं नाही, मागचा टेबलापुरता कोपरा ठेवला. "दादा, चष्मा घ्यायला आलेल्या माणसांना तेवढं बोलू नका म्हणजे झालं," एवढी एकच अट घातली.

तो आता चष्म्यांच्या आरशामागे बसून काम करतो. दिवसाला चार-पाच यंत्रं येतात. कोपऱ्याचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला त्याची बायको तिच्या पगारातून भरते.