क्लेमांसच्या लग्नाचं पिंप

क्लेमांसच्या लग्नाच्या दिवशी सकाळी तिची आई, आर्मेल, एकटीच कोठारात गेली. ओलिव्हो घराण्यात हंगामातली सगळ्यात चांगली वाइन घरच्या लग्नासाठी एका पिंपात राखून ठेवत. लग्नाच्या सकाळी घरच्या बाईने पहिला घोट घ्यायचा. तोवर त्याला कुणी बोट लावायचं नाही.

हे पिंप तिच्या नवऱ्याने, जिल्दासने, भरलेलं. रस आंबून झाला की साका तळाशी बसतो. पण वाइन उपसायची नाही, दुसऱ्या पिंपात ओतायची नाही. अख्खा हिवाळा तिला त्या साक्यावरच निजू द्यायचं. इकडच्या मस्कादे वाइनच्या चवीला भरीवपणा येतो तो त्यानेच. "पोरीच्या लग्नाला मी असेन-नसेन," दुखण्यात तो म्हणाला होता, "पण ही असेल." नाताळानंतर तो गेला. कोठाराची किल्ली आर्मेलने धाकट्या दिराच्या, लोइकच्या, हाती दिली. तेव्हा पाठच्या भावासारखा धावला होता तो.

तिने क्रूसाची खूण केली, तोटी सोडली, घोट घेतला.

लिंबू होतं, हिरव्या सफरचंदाचा आंबटपणाही होता. पण जिभेवरची बारीक चुणचुण नव्हती, आंबवलेल्या कणकेचा वास नव्हता, मागाहून येणारा समुद्राचा खारटपणा नव्हता. धुऊन काढल्यासारखी पातळ चव. तिने वरचं बूच काढून काठीने तळ चाचपला. काठी स्वच्छ वर आली, साक्याचा लेशही नव्हता.

मागे लोइक उभा होता, नव्या कोटात.

"भाऊजी, यातली वाइन कुठंय?"

"वहिनी, आजच्या दिवशी कसल्या चौकशा?"

"कुठंय?"

"स्पर्धेला पाठवली. यात माझी भरली. दादासारखी मला कुठं जमते? मेडल काय उगीच मिळालं?"

त्या मेडलसाठी आर्मेलने चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. आमचे भाऊजी भावाच्या तोडीचे निघाले, म्हणून गावभर सांगत सुटली होती.

"बाटलीवर नाव कुणाचं घातलंत?"

"ओलिव्होच की."

"कुठल्या ओलिव्होचं?"

त्याने कोटाची बटणं लावायला घेतली.

"एक तरी बाटली उरलीय?"

"नाही. मेडल मिळाल्यावर सगळी विकली गेली. आणि एवढं काय त्यात? कालवांबरोबर पाहुण्यांना सगळं सारखंच लागतं. तुम्ही तोंड उघडलं नाहीत तर कळतंय कुणाला?"

तेवढ्यात क्लेमांस आली, पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून धरत. तिने आईच्या हातातला पेला घेतला, एक घोट प्यायली आणि डोळे मिटून उभी राहिली.

"आई, पप्पांची ना गं ही?"

आर्मेलने लोइककडे पाहिलं. तो निवांत होता. तिचं उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं.

"हो बाळा," ती म्हणाली. "पप्पांचीच."

चर्चमध्ये लग्नाच्या मिस्सात सगळे कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला उठले. लोइकही उठला, हात जोडून रांगेत उभा राहिला. आर्मेल मात्र बाकावरच बसून राहिली. पोरीशी खोटं बोललेल्या तोंडाने तिला वेदीपुढे जाववेना.