दौंडच्या वहीतली सही

इंटरनेट मी पहिल्यांदा पाहिलं ते फळ्यावर, खडूनं काढलेलं. शिरूरच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माळ्यावर कॉम्प्युटर क्लास निघाला होता. क्लासच्या मालकांना सगळं गाव 'सर' म्हणायचं. ते फळ्यावर मोठा चौकोन काढत, त्याच्या डोक्यावर एक लांबट पट्टी ओढत आणि म्हणत, "हितं पत्ता टाकायचा. टाकला? आता एंटर मारा." आम्ही सगळे मन लावून तो चौकोन वहीत उतरवून घ्यायचो. एकदा तर मी पट्टीनं रेघा मारल्या होत्या. टेलिफोनची लाइन येतेय, येतेय असं सर सांगत राहिले, आणि ती येण्याआधी कोर्स संपला.

मी तेव्हा शिरूरजवळच्या एका खेड्यात शिक्षणसेविका होते. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर काम करायचं, कुणाची तक्रार येऊ द्यायची नाही, मग कायम व्हायचं. माझं तिसरं वर्ष चालू होतं. शाळेत वर्गाचं दार जरा जोरात आपटलं तरी मला वाटायचं, लागला आपल्या नावाला बट्टा. घाबरटपणा माझ्या अंगातच होता. पण पावतीच्या बाबतीत मात्र मी भलतीच हट्टी होते, अजूनही आहे. दुकानदारानं पावती दिली नाही तर मी तिथून हलत नाही. क्लासच्या पावतीवर स्वच्छ छापलं होतं, 'इंटरनेटसह'. ती घेऊन मी सरांकडे गेले.

सर हसले. "म्याडम, शिकवलं का न्हाई? शिकवलं. आता लाइनच न्हाई आली त्याला मी काय करू? खांब मी रोवू का?"

मला उत्तरं नेहमी दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्यावर सुचतात. ग्राहक मंचाकडे तक्रार करायची असं मी ठरवलं, अर्जही लिहून ठेवला. पण अर्जाला उत्तर कधी येणार, तोवर आणखी कितीजण पट्टीनं चौकोन काढत बसणार, या विचारानं मी धुमसत होते.

माझं माहेर दौंडला, रेल्वे कॉलनीत. लग्न झालं नव्हतं, त्यामुळे माहेर म्हणजेच घर. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी न्हावऱ्यामार्गे दौंडची गाडी धरायची. स्टेशनजवळ एका आप्पांनी सायबर कॅफे काढला होता. आप्पा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले, पण घड्याळ काही सुटलं नाही. त्यांच्या टेबलावर जाड वही असायची. नाव, पत्ता, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. लोक 'राजू, दौंड' असलं काहीतरी खरडून आत पळायचे. आप्पा वेळ मात्र स्वतः सांगायचे, "चार वाजून बारा मिनिटं. ल्हिवा."

मी पूर्ण नाव लिहायची. माझं, वडिलांचं, आडनाव, आणि खाली तसंच सगळं पुन्हा सहीत. याला कारण आण्णा, माझे वडील. ते रेल्वेत गँगमन होते. आजोबांचा जन्म अंगठा उठवण्यात गेला. आण्णा रात्रशाळेत जाऊन सही शिकले आणि आयुष्यभर मस्टरवर तीन शब्दांची सही करत आले. मागचे लोक वैतागायचे, मुकादम ओरडायचा, आण्णा घाई करायचे नाहीत. मला त्यांनी बजावलं होतं, "सही म्हंजी आपुन हितं हुतो, याची खूण हाय. अर्धी करायची न्हाई." इतर घरांत मुलींना साडी नेसायला शिकवतात तशी आमच्याकडे मला सही शिकवली गेली.

तर त्या शनिवारी मी आप्पांच्या वहीत तशी सही ठोकली आणि आत जाऊन बसले. लोक दुकानांबद्दल, कंपन्यांबद्दल बरी-वाईट मतं लिहायचे अशी एक वेबसाइट होती. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत सुटले. फळ्यावरचा चौकोन, खांबाचा जोक, पावती, सगळं. तिथं थांबले असते तर हे सांगायची वेळ आली नसती. पण शिरूरला नगरपालिकेची निवडणूक लागली होती आणि सर उभे होते. मी लिहिलं, 'जो माणूस पावतीवर छापलेलं देत नाही, तो जाहीरनाम्यात छापलेलं काय देणार? मतदारसुद्धा ग्राहकच असतो, फक्त त्याला पावती मिळत नाही.' स्वतःवरच खूश झाले मी. मग शेवटी आणखी एक शहाणपणा केला. 'हे मी दौंडहून लिहीत आहे, कारण शिरूरच्या ज्या क्लासनं मला इंटरनेट शिकवलं तिथं इंटरनेट नाही.' खाली नाव टाकलं, एक ग्राहक. मला वाटलं, झालं, समुद्रात खडा टाकला. कोण बघतंय?

दहाएक दिवसांनी आमच्या हेडमास्तरांच्या टेबलावर तो कागद पडला होता. सरांच्या विरोधातल्या पार्टीनं तो कुठून तरी शोधून, छापून, झेरॉक्स काढून घरोघरी पेपरात घालून वाटला होता. जाहीरनाम्याच्या वाक्याखाली जाड रेघ. आणि सगळ्यात वर, मी कधी पाहिलंही नव्हतं ते, तारीख आणि वेळ. मिनिटासकट.

हेडमास्तर चहा पिता पिता म्हणाले, "हे कुणातरी मास्तराचंच काम हाय. वाक्यं बघा, सगळी पुरी. शेवटाला टिंब." मग आमच्याकडे बघत म्हणाले, "आचारसंहिता चालू हाय. आपल्यातलं कुणी आसंल तर नोकरी गेली समजा. मी वाचवायला येनार न्हाई."

दुसरीच्या मुलांना मी त्या दिवशी एकच कविता तीनदा शिकवली. डोक्यात फक्त वही होती. कागदावर वेळ, वहीत वेळ. दौंडला कॅफे असून असून किती, दोन-तीन. कुणी वही उघडून बोट फिरवलं की त्या वेळेसमोर मी माझ्या आडनावासकट उभी. लपायचं म्हणून टोपणनाव घेतलं आणि पत्ता स्वतःच्या हातानं लिहून आले. असली चूक आमच्या घरातलं माणूसच करू शकतं.

शनिवारी मी घरी न जाता आधी कॅफेत गेले. आप्पांना सगळं सांगितलं आणि हात जोडले, "आप्पा, तेवढं एक पान फाडा."

आप्पांनी वही जवळ ओढली. "पानांला नंबर हायेत, बाई. पोलीस येऊन बघत्यात. पान फाडलं तर मलाच आत बसवतील." मग चष्मा काढून पुसत राहिले. "आन् फाडून आता उपेग बी न्हाई. काल शिरूरची दोघं आलती. तारीख बघितली, टाइम बघितला, कायतरी ल्हिऊन घेतलं न् गेली."

घरी मी जेवले नाही. आण्णांनी विचारलं, तर मी डोकं दुखतंय म्हणाले. ते रविवारी सकाळी विहारात जाऊन आले, मला चहा करून दिला. शिक्षणसेविकेचं काय, एका कागदानं घरी बसवता येतं. आणि घरी बसले तर आण्णांनी कॉलनीत ज्याला त्याला सांगून ठेवलेलं, 'आमची पोरगी पुढच्या साली पर्मनंट हुतीय', त्याचं काय? मला त्यानंतर नीट झोप लागली नाही.

त्यात निवडणुकीची ड्युटी आली. माझं नाव दौंडच्या मतदारयादीत, म्हणून शिरूरची ड्युटी देता येत होती, आणि त्यातही केंद्र मिळालं ते नेमकं सरांच्या वॉर्डातलं. माझ्याकडे काम, मतदाराची वहीत सही घ्यायची आणि बोटाला शाई लावायची.

सर साडेदहाला आले. पांढरे कपडे, कपाळाला टिळा. यादीवाल्यानं नाव वाचलं आणि ते माझ्या टेबलापुढे उभे राहिले. मी वही पुढे केली. त्यांनी एक तिरकी रेघ आणि खाली दोन टिंबं मारली. ना नाव, ना आडनाव. मग डावा हात टेबलावर ठेवून जरा वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही दौंडच्याच न्हाई का?"

"हो, सर."

"आमची पोरं गेलती दौंडला. त्या कागदाचा टाइम आन् तिथल्या वहीतला टाइम जुळतोय. नाव तुमचं हाय. पुरं, आडनावासकट."

शाईची काडी माझ्या हातात तशीच राहिली.

"मी म्हणलं, येड्यांनो, असलं ल्हिणारा मानूस कवा आपलं नाव पत्ता टाकून जाईल व्हय? आसंल दुसराच कुनीतरी. पोरीला उगं बदनाम करू नका." ते हसले. हसणं अगदी क्लासमधलं, खांबाच्या जोकचं. "तरी बी इचारतो. तुम्ही न्हाई ना?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं की मला बोलतं करायला ते विचारत होते, मला आजही सांगता येत नाही. मागे रांग होती. केंद्राध्यक्षांनी मान वर केली, "बाई, लाइन थांबलीय."

"नाही, सर," मी म्हणाले. "मी नाही."

आणि त्यांच्या बोटाला शाई लावली. नखाबरोबर अर्धं बोट निळं झालं. ते मत देऊन निघून गेले. थोडक्या मतांनी निवडूनही आले. माझं नाव कुठंच आलं नाही. पुढच्या वर्षी मी कायम झाले, आण्णांनी कॉलनीत पेढे वाटले.

ग्राहक मंचाचा अर्ज ट्रंकेत तसाच राहिला. तक्रार तीच होती; त्यावर सही केली असती तर सरांना 'मी नाही' म्हटलेलं खोटं ठरलं असतं. मुदत दोन वर्षांची होती, ती कधी उलटली ते मी पाहिलंही नाही. आता लोक इंटरनेटवर खोट्या नावानं मतं ठोकतात, त्यांना शूर मंडळी भ्याड म्हणतात. मला म्हणवत नाही. पण खऱ्या नावानं कुणी लिहिलेलं वाचलं की त्या माणसाची काळजी वाटते, आणि त्याचा हेवाही वाटतो.

हे सगळं मी आण्णांना निवडणुकीनंतरच्या रविवारी सांगितलं. सुटले एकदाची, या आनंदात सांगितलं. ते अंगणात खुर्चीवर बसून ऐकत होते. फळ्याचं ऐकून हसले, जाहीरनाम्याच्या वाक्याला मांडीवर थाप मारली. शेवटी मी म्हणाले, "मग मी सरळ सांगून टाकलं, मी नाही म्हणून. संपलं."

आण्णांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"मंग त्या वहीतली सही कुनाची?" त्यांनी विचारलं.