मुज्तबाभाईंचं ‘साफ हाय’

लातुरातल्या एका खासगी एक्सरे सेंटरात मुज्तबाभाईंची हयात गेली. फोटो काढणं त्यांचं काम, वाचणं डॉक्टरांचं. पण लोक आधी मुज्तबाभाईंच्याच तोंडाकडे बघत, आणि भाईंनाही गप्प राहवत नसे.

ही सवय भूकंपातली. त्र्याण्णव साली किल्लारीकडून ट्रक भरभरून माणसं आली, तेव्हा डॉक्टरांना मान वर करायला फुरसत नव्हती. बाविशीतले मुज्तबाभाई ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरत आणि ‘मोडलंय’ किंवा ‘साफ हाय’ म्हणून माणसाला इकडे नाहीतर तिकडे धाडत. त्या दिवसांत आपण एकदाही चुकलो नाही, असं ते सांगत. जरा जास्तच वेळा सांगत.

वीस वर्षांनी सेंटरच्या गल्लीत क्लासच्या पाट्या लटकल्या. हदगावच्या किशनरावांनी आपल्या दीपमालाला आठवीतच अशा एका क्लासला घातलं होतं. मुलगी डॉक्टर व्हायची होती. पण रोज सकाळी तिचा उजवा गुडघा आखडायचा. सहाच्या तासाला होस्टेलचा जिना उतरवत नसे, आणि दुपारी तीच पोरगी चालताना दिसे. क्लासवाल्यांनी नाटक ठरवून टाकलं आणि बापाला फोन केला. किशनराव आले आणि तिला सेंटरात एक्सरेला घेऊन गेले.

“भाई, काय दिसून राहिलंय?” किशनरावांनी विचारलं.

मुज्तबाभाईंनी पडद्यावर नजर टाकली. हाड अखंड होतं.

“साफ हाय.”

“ऐकलंस?” किशनराव लेकीला म्हणाले. “आता गुमान क्लासला जायचं.”

हदगावची गाडी गाठायची होती. रिपोर्टला न थांबता ते निघाले. मुलगी रडली नाही, कठडा धरून एकेक पायरी उतरली. भाईंनी पुढचा नंबर पुकारला.

सात महिन्यांनी किशनराव तिला धरूनच घेऊन आले. गुडघा आता सरळच होत नव्हता. डॉक्टरांनी सोनोग्राफी लावली. सांध्यात साचलेलं पाणी काळं दिसत होतं, आतलं अस्तर फुगलेलं, त्यावर जास्तीचा रक्तप्रवाह दाखवणारे लाल ठिपके.

“सांध्याची सूज आहे. लहान मुलांनाही हा वात होतो,” डॉक्टर म्हणाले. “सुरुवातीला एक्सरेत हाड चांगलंच दिसतं. म्हणून तर मी तेव्हाच रिपोर्टात सोनोग्राफी करा असं लिहून दिलं होतं. आता औषधं, व्यायाम, वर्षभर तरी धीर धरा.”

“कुठं लिहून दिलतं?” किशनराव म्हणाले.

मुज्तबाभाई उठले. न नेलेल्या रिपोर्टांची पाकिटं टेबलाच्या खणात पडून असत. दीपमालाचं पाकीट त्यांनी गुपचूप फाडलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. तो विचार मनात आला, हेही त्यांनी नंतर घरी बायकोला, हसीनाला सांगितलं. पण त्यांनी ते आणून किशनरावांच्या हातात दिलं. चिकटवलेलं तोंड तसंच होतं.

“मी साफ म्हणालो ते हाडाचं. दुखण्यातलं मला काही कळत न्हाई. चूक माझी हाय, किशनराव.” त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

किशनराव पाकिटाकडे बघत राहिले. दीपमालानं झगा खाली ओढून गुडघा झाकला.

“चाचा,” ती म्हणाली, “मी नाटक करत नव्हते ना?”

“न्हाई बेटा.”

“मला नका सांगू. बाबांना सांगा. ते तुमचंच ऐकतात.”